पाणी निवळेपर्यंत

९ जून

पोचले. बसवाल्याने फाट्यावर उतरवलं आणि दार लावता लावता म्हणाला, "बार्रा चिका? आत्ता? हिवाळ्यात?" मी मान हलवली. ट्रायपॉड खांद्यावर, बॅग पाठीवर, वाळूचा रस्ता. घर मिळालं मात्र चटकन. निळं, लाकडी, खाऱ्या वाऱ्याने रंगाचे पोपडे निघालेलं. ऑफिसातल्या माबेलच्या चुलतभावाचं आहे. "कितीही दिवस राहा, कुणी येत नाही," असं तो म्हणाला होता. मला तेवढंच हवं होतं.

गावात एकच दुकान. दोन्या सुल्मा, म्हणजे सुल्माबाई, चालवते. जाड, पांढऱ्या केसांची, स्वेटरवर स्वेटर घातलेली. चीज कापता कापता विचारपूस.

"एकटीच?"

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"उतरलीस कुठे?"

"निळ्या घरात."

सुरी चीजमध्येच थांबली. मग तिने मी मागितलं त्याच्या दुप्पट चीज कागदात बांधून दिलं आणि पैसे मात्र निम्म्याचेच घेतले. इथली माणसं चौकस दिसतात. डोक्याला ताप होणार.

११ जून

डॉक्टरीणबाईंनी वही लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते. त्यांना एखादा मोठा प्रसंग हवा होता. कुणी फोनवर मेलं का, मूल वगैरे. मी सांगितलं, तसं काही नाही. म्हणजे तसंही पुष्कळ झालंय इतक्या वर्षांत, मोंतेविदेओत तातडीच्या मदतीच्या फोनवर बसायचं म्हणजे तेच ऐकायचं. पण त्या दिवशी एक माणूस शेजारच्या कुत्र्याची तक्रार करत होता. कुत्रा भुंकतो म्हणून. तो बोलत असताना मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि परत कानाला लावायला हात उचललाच नाही. बस्स, एवढंच. पर्यवेक्षक आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नीबिया, घरी जा."

घरी तरी काय? डोळे मिटले की आवाज. झोप म्हणाल तर तुकड्यातुकड्यांत.

आज सकाळी पहिल्यांदा कॅमेरा लावला. फोटो क्लबात जायचे तेव्हा घेतलेला हा कॅमेरा, जड आहे. रोल काळा-पांढराच. रंग मला नकोसे झालेत. कामावर पडद्यावर प्रत्येक फोनला रंग असायचा, लाल, पिवळा, हिरवा, कुणाची किती घाई ते सांगणारा. पाण्याला कसलीही घाई नसते. भिंगावर काळी काच चढवायची, झडप उघडायची आणि चार मिनिटं तशीच ठेवायची. लाटा येतात, फुटतात, मागे जातात आणि फोटोत यातलं काहीच उरत नाही. उरतो नुसता एक पांढुरका, सपाट शांतपणा. समुद्राचा आवाज मोठाच असतो, पण तो मला काही विचारत नाही.

एक म्हातारा आला. थर्मास काखेत, हातात माते-चहाचा पेला. आर्तिगास त्याचं नाव, रेल्वेत होता, आता काही करत नाही. माझ्याशेजारी वाळूत बसकण मारली.

"मासे?"

"फोटो."

"कशाचा?"

"पाण्याचा."

"पाण्याचा? आणि हे तर रोज बदलतं. कालचं गेलं ब्राझीलला." स्वतःच हसला, चहाची नळी माझ्यापुढे केली. नाही म्हटलं तर अपमान, म्हणून ओढला. कडूजहर.

चार मिनिटांत त्याने मला बारा प्रश्न विचारले असतील.

१४ जून

वाल्देमार नावाचा कोळी आहे. रोज उजाडताना ट्रॅक्टरने होडी पाण्यात ढकलतो आणि माझ्यासमोरून जाताना भोंगा वाजवतो. मी हात केला नाही, तर पुन्हा वाजवतो. हात करेपर्यंत वाजवत राहतो.

दुपारी दोन्या सुल्माने विचारलं, "पोरी, जेवतेस ना नीट?" माझं वय पन्नाशीच्या पुढे. पोरी!

१७ जून

पहिला रोल धुतला. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली, किटलीत पाणी कोमट केलं, डबी हातात उलटसुलट करत उभी राहिले. रसायनाचा तो आंबूस वास. फिल्म वर ओढली, ठिबकत होती, दोरीवर चिमट्याने टांगली. मग संध्याकाळी एका चौकटीचा कागदावर ठसा घेतला.

चांगला आलाय. चांगला म्हणजे, मीच बराच वेळ बघत बसले. तापवलेल्या दुधावर साय धरावी तसं पाणी, त्यात तीन काळे खडक, आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही. माणूस नाही, पक्षी नाही. त्या कागदात मला आत जाता आलं असतं तर मी गेले असते.

लिहिताना लक्षात आलं, आज दुपारभर कानात कुणी "हॅलो, हॅलो" केलं नाही.

२१ जून

लिलियानचा फोन. थोरली बहीण, त्यामुळे फोन घ्यावाच लागतो.

"काय करतेस दिवसभर?"

"पाण्याचे फोटो काढते."

"आणि?"

"आणि धुते."

"नीबिया, हे काय उत्तर झालं? माणसं आहेत का तिथे कुणी?"

"आहेत की. नको इतकी आहेत."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. मला वाटलं, तिने माझं ऐकलंच नाही.

खरंच सांगते, एकांत म्हणून इथे आले आणि बसस्टँडवर राहावं तशी राहते आहे. आर्तिगास सकाळी. वाल्देमारचा भोंगा. दुपारी सुल्मा कुणाच्या तरी हाती सूप पाठवते, म्हणजे पातेलं परत करायला मलाच दुकानात जावं लागतं. गेलं की तासभर गेलाच.

२५ जून

आज उजेड फार सुरेख होता. वारा पडलेला, ढग खाली आलेले, आणि पाणी शिशासारखं. मला पाण्याच्या अगदी पातळीवरून चौकट हवी होती, म्हणून बूट काढले आणि आत गेले. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतवले, झडप उघडली. आणि मग ट्रायपॉड सोडून थोडी पुढे गेले. का ते नेमकं आठवत नाही. चौकट अडू नये म्हणून बाजूने गेले असेन. गुडघे, मग मांड्या, मग कंबर. पहिल्यांदा गारठा हाडात गेला, नंतर लागेनासा झाला. पाणी मऊ होतं. आडवं व्हावं असं मऊ. किती दिवसांत अंग इतकं सैल पडलं नव्हतं.

एवढ्यात मागून आरडाओरडा. "ओ बाई! ओ फोटोवाल्या बाई! दोर धरा! अहो दोर धरा म्हणतो!" वाल्देमार. आज होडीच काढली नव्हती त्याने, किनाऱ्यावरूनच जाळं टाकलेलं. दोराचं टोक माझ्या अंगावरच फेकलं. "ओढा, ओढा, एकट्याला जमेना!" मी ओढला. दुसरं करणार काय? ओढत ओढत वर आले. जाळ्यात दोन खेकडे आणि एक बोटभर मासा.

"एवढ्यासाठी मला बोलावलंत?"

"कधीकधी असंच होतं," तो म्हणाला. धापा टाकत होता, माझ्यापेक्षा जास्त. स्वतःचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. डिझेल आणि माशांचा वास. माझे दात दातांवर आपटत होते ते मला तेव्हा कळलं.

चौकट वाया गेली. ट्रायपॉड लाटेने कलंडला होता. नशीब, कॅमेरा वर राहिला.

२७ जून

सर्दी. सुल्मा स्वतः आली, पहिल्यांदाच. पाऊस होता म्हणून तोर्ता फ्रिता, त्या जाडसर पुऱ्या, तळून आणल्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या, गरम. खोलीभर नजर फिरवली. दोरीवरच्या फिल्मा बघितल्या.

"यात माणूस एकही नाही गं."

"नकोच आहे."

"हं," म्हणाली. जाताना फडकं न्यायला विसरली. "उद्या आणून दे हं. मला लागतं ते."

दुपारी आर्तिगास. पत्त्यांचा एक डाव मांडला, अर्ध्यात उठला. "उरलेला उद्या."

वाल्देमारने जाकीट परत घेतलं नाही. "वाळलं नसेल अजून. उद्या बघू."

या गावात कुणाला काहीही त्याच दिवशी पुरं करता येत नाही. प्रत्येक गोष्ट उद्यावर.

२ जुलै

आज जे झालं ते नीट लिहिते.

तळं जिथे समुद्राला मिळतं तिथे मी गेले चार-पाच दिवस जाते. पलीकडच्या काठाला वाळूची टेकडी आहे, तिची सावली पाण्यात पडते. आज तो रोल धुतला, खिडकीशी धरला. टेकडीच्या माथ्यावर एक ठिपका. वाटलं, फिल्मवर डाग आहे. भिंग लावून पाहिलं तर माणूस. टोपी, काखेत काहीतरी. स्पष्ट, काठ जराही न फिसकटलेला.

माझ्या फोटोंत माणूस येत नाही. कुणी समोरून चालत गेलं तरी चार मिनिटांत ते पुसलं जातं. पुसलं जाऊ नये तर चारही मिनिटं दगडासारखं उभं राहावं लागतं. आणि त्याचं तोंड माझ्याकडे होतं.

मग सगळे जुने रोल काढले. एका चौकटीत खडकांच्या कडेला धूसर उभी रेघ. दुसरीत टेकडीवर दोन. एकीत खालच्या कोपऱ्यात ट्रॅक्टरचं नाक. मी त्यांना धुकं समजले होते.

तीन आठवडे हे लोक माझ्यावर नजर ठेवून आहेत.

३ जुलै

रात्री डोळा लागला नाही. सकाळी ती फिल्म घेऊन तडक दुकानात. तिघंही तिथेच होते, शेगडीभोवती. मला बघून आर्तिगासने टोपी काढली.

मी फिल्म काउंटरवर ठेवली. "हे काय आहे?"

आर्तिगासने ती उजेडाकडे धरली. शेवटी वाल्देमार: "मी म्हटलं होतं त्याला, हलत राहा म्हणून."

"गुडघे दुखतात माझे," आर्तिगास म्हणाला. "उभा राहिलो की राहिलो."

"मला हे कळायला हवं," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, महिन्याभरात पहिल्यांदा. "मी चोर आहे का? काय चोरणार आहे मी इथलं, वाळू?"

सुल्माने हात पुसले. "बस पोरी."

"मी बसणार नाही."

"मग उभ्याने ऐक. गेल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या निळ्या घरात एक मास्तर राहायला आले होते. ताकुआरेम्बोचे. शांत, सभ्य माणूस. पक्षी बघायचे. कुणाशी बोलायचे नाहीत, आणि आम्हीही गेलो नाही. म्हटलं, शहरात दमून आलेत, राहू दे बापड्यांना. त्यांचा एकांत आम्ही फार जपला गं." तिने शेगडीत लाकूड सारलं. "वाल्देमारला सापडले. आठव्या दिवशी, खडकांच्या पलीकडे."

वाल्देमार शेगडीकडे बघत होता.

"मी मरायला आलेली नाही इथे," मी म्हटलं. "मी फोटो काढायला आलेय."

"तेही पक्षी बघायलाच आले होते," आर्तिगास म्हणाला.

मी दार आपटून निघाले. फिल्म तिथेच राहिली.

४ जुलै

दिवसभर घरात. राग धरून ठेवायला बघते आहे, टिकत नाही.

किती मूर्ख मी. उद्या फडकं आणून दे, उरलेला डाव उद्या, जाकीट उद्या बघू. हे तर माझंच काम! समोरच्याला बोलतं ठेवायचं, लहानसहान विचारत राहायचं, काही ना काही पुढच्या वेळेवर टाकायचं. नव्या मुलींना मीच शिकवलंय ते. आणि कोळ्याने दोर फेकला तेव्हा मला वाटलं, याला खरंच खेकडे ओढवत नाहीत.

२५ जूनचं पान परत वाचलं. पाणी मऊ होतं, असं लिहिलंय. मी काय करत होते तिथे? खरंच सांगायचं तर माहीत नाही. मरावंसं वाटत नव्हतं. परत वळावंसंही वाटत नव्हतं. या दोन्हींत किती अंतर असतं, हे मी फोनवर शेकडो वेळा लोकांना विचारलं असेल. उत्तर काय यायचं ते आता आठवत नाही.

६ जुलै

दुकानात गेले. फडकं, पातेलं, जाकीट, सगळं एकदमच परत केलं. त्यांचे चेहरे पडले. मग मी म्हटलं, "हे बघा. मला एकटीला राहायचंय. मनापासून राहायचंय, मला ते लागतं. तुम्ही टेकडीवर उभे राहणार असाल तर मी उद्याच्या बसने जाते."

"आणि आम्ही झोपायचं कसं?" सुल्मा.

बरीच घासाघीस झाली. वाल्देमारला वाटत होतं, मी होडीवरची शिट्टी गळ्यात घालावी. आर्तिगास म्हणे, दर तासाला हात करावा. शेवटी ठरलं ते असं: सकाळी फोटो काढून परत आले की कुंपणावर टॉवेल टाकायचा. दुकानातून कुंपण दिसतं. टॉवेल दिसला की दिवसभर माझ्या वाटेला कुणी जायचं नाही.

"आणि बाहेर पडलेच नाही तर?"

"तरी टाकायचा," सुल्मा म्हणाली. "जेवणवेळेच्या आत."

"पाऊस असला तर?"

"भिजू दे."

१५ जुलै

त्यांनी शब्द पाळला. टेकडीवर कुणी नाही. भोंगा नाही. नऊ दिवस मी माझी, पाणी पाण्याचं.

आज तळ्यावर धुकं होतं. झडप उघडली, हात खिशात घातले. हेडफोन नाही, प्रश्न नाही, कुणाला काही हवं नाही. चार मिनिटं संपली तरी मी झडप मिटवायची विसरले. फोटो जळला असणार, पांढराफेक येईल. येऊ दे.

मध्ये दोनदा वळून टेकडीकडे पाहिलं. सवय लागते माणसाला.

परतताना दुकानात शिरले, काही लागत नव्हतं तरी. आर्तिगासने उरलेला डाव मांडला. हरले.

२२ जुलै

ऑफिसातून फोन. ऑगस्टमध्ये रुजू होणार का. मी म्हटलं, फोन घेणार नाही, आता कधीच नाही. साहेब म्हणाले, मग काय करणार? म्हटलं, नव्यांना शिकवायला ठेवलंत तर बघते, नाही तर राजीनामा. विचार करून सांगतो म्हणाले. आधी हे बोलायला मला महिना लागला असता.

लिलियान म्हणते, पेन्शनचा विचार कर. करते आहे. पण थकले आहे. अजून थकलेलीच आहे. बरं वाटतंय आणि थकलेली आहे, दोन्ही. डॉक्टरीणबाई, हे लिहून घ्या.

२८ जुलै

काल आग्नेयेकडून वादळ आलं. पाऊस आडवा, वीज गेली, समुद्र पार कुंपणापर्यंत आल्यासारखा ऐकू येत होता. करण्यासारखं काही नव्हतं. तिन्हीसांजेला चुलीत एक ओंडका टाकला, आतून कडी घातली आणि अंगावर सगळी घोंगडी घेऊन पडले.

त्यापुढचं मला आठवतं ते असं: प्रचंड मोठा आवाज, तोंडावर गार वारा आणि उजेड. डोळे उघडले तर दार खोलीत आडवं पडलेलं. दारावर वाल्देमार, हातात पहार. मागे सुल्मा, एकाच पायात चप्पल. त्यांच्यामागे आर्तिगास, छातीला हात लावून.

मी उठून बसले. "काय झालं? वीज आली?"

"टॉवेल," सुल्मा म्हणाली. तिने बाहेर कुंपणाकडे बोट केलं.

"किती वाजले?"

"दोन. दुपारचे दोन."

"हाका मारल्या," वाल्देमार म्हणाला, "खिडकी बडवली. तुम्ही हललाच नाहीत."

मी आजूबाजूला पाहिलं. उशीवर माझी लाळ गळलेली. गालावर घोंगडीची वीण उमटलेली. मी काल तिन्हीसांजेपासून आज दुपारी दोनपर्यंत झोपले होते. एकदाही जाग आली नाही. वादळात. मला शेवटची अशी झोप कधी लागली होती, देव जाणे.

"मी झोपले होते," मी म्हटलं.

"दिसतंय," सुल्मा म्हणाली आणि माझ्या पलंगावर धप्पकन बसून रडायला लागली. "मेलीस का नाहीस गं तू! मेलीस का नाहीस!" असं म्हणत माझ्या खांद्यावर गुद्दे मारत होती. मला हसू यायला लागलं, आवरेना. मग आर्तिगासलाही. वाल्देमार पडलेल्या दाराकडे बघत म्हणाला, "बिजागरी गेली पार. चौकटही हललीय," आणि कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पाऊस होताच. सुल्माने माझ्याच चुलीवर कढई चढवली. दाराच्या जागी ताडपत्री बांधली, ती फडफडत होती. चौघांनी खाल्लं. मी पुन्हा पेंगायला लागले तेव्हा ते हळूच गेले. असं आर्तिगास संध्याकाळी परत आला तेव्हा सांगत होता, मला आठवत नाही.

२९ जुलै

वाल्देमारने दार बसवलं. चौकटीला आडवी फळी ठोकली, बिजागऱ्या नव्या लावल्या. मग कडी बसवायला घेतली. मी बाजूला उभी राहून बघत होते. डब्यातून तो एकेक स्क्रू काढून बघत होता, लांब असला की परत टाकत होता.

"तो चांगला होता की."

"नको."

"अहो पण हे अगदीच आखूड आहेत. धरतील का?"

"वाऱ्याला धरतील," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता पेचकस फिरवत राहिला. "आतून कडी लावा, खुशाल झोपा. वाऱ्याने नाही उघडणार. पण एक लाथ घातली की निघेल. चौकट मोडायला नको पुन्हा."

कडी बसवून झाल्यावर त्याने दोनदा लावून बघितली, उघडून बघितली. हत्यारं गोळा केली. मी पैसे विचारले तर म्हणाला, उद्या बघू.

तो गेल्यावर मी दार लावलं. कडी घातली. कॅमेऱ्यात अर्धा रोल शिल्लक आहे, बाहेर उजेडही बरा आहे. पण आज जात नाही. टॉवेल टाकलाय कुंपणावर. झोपते.